उजेडाकडे धरलेला कागद

मी आणलेला ५०० रुपयांचा मुद्रांक माझ्या वडिलांनी, अण्णांनी, आधी वाचला नाही, तो खिडकीच्या उजेडाकडे धरला. मुद्रांक छापणाऱ्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये ३६ वर्षे काढलेल्या माणसाची ती सवय होती. कागदावर काय लिहिले आहे यापेक्षा कागद खरा आहे का, हे त्यांना आधी पाहायचे असे. जलचिन्ह दिसल्यावर त्यांनी नाकातली ऑक्सिजनची नळी सारखी केली आणि समाधानाने म्हणाले, "आपल्याकडचाच आहे." ज्या कागदावर लोक घरे विकतात आणि भावाभावांत शेते वाटून घेतात, त्या कागदावर त्यांना आपल्याला व्हेंटिलेटरवर ठेवू नये असे लिहून द्यायचे होते. वास्तविक अशा लेखासाठी मुद्रांक हवा अशी अट सर्वोच्च न्यायालयाने घातलेली नाही. दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन एवढे पुरते. परंतु नोटरीचा आग्रह होता, आणि खरे सांगायचे तर अण्णांचा त्याहून अधिक होता.

ही गोष्ट २०२५ च्या फेब्रुवारीतली. त्याच्या तीन वर्षे आधी त्यांना फुप्फुसांचा फायब्रोसिस असल्याचे निदान झाले होते. या आजारात फुप्फुसे हळूहळू निबर होत जातात आणि श्वास आत घेतला तरी त्यातला प्राणवायू रक्तापर्यंत पुरेसा पोहोचत नाही. औषधांनी आजाराची चाल मंदावते, पण तो मागे फिरत नाही. घरात ऑक्सिजनचे मशीन आले, त्याची लांबलचक पारदर्शक नळी देवघरापासून बाल्कनीपर्यंत फरशीवर पसरली, आणि आई ती ओलांडून चालायला इतकी सरावली की नळी नसलेल्या दुसऱ्यांच्या घरीही उंबरठ्यापाशी तिचे पाऊल आपोआप उचलले जाऊ लागले.

या तीन वर्षांत आम्ही तीन डॉक्टरांकडे गेलो. तिघेही भले होते, पण "पुढे काय" हा विषय त्यांच्यापैकी कुणीही काढला नाही, आणि आम्हीही विचारला नाही. हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कर्करोगतज्ज्ञांवर झालेला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी वाचला. ज्या रुग्णांचे आयुष्य थोडे उरले असण्याची शक्यता संगणकाला दिसत होती, त्यांची यादी डॉक्टरांकडे पाठवली जाई आणि भेटीच्या सकाळी "आज यांच्याशी बोला" असा संदेश मोबाइलवर येई. त्यामुळे अशा संवादांचे प्रमाण १.३ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर गेले. म्हणजे तिपटीहून अधिक वाढ झाली, आणि तरीही शंभरातले पाचही पुरे झाले नाहीत. यंत्र आठवण करून देऊ शकते. समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाहून पहिले वाक्य उच्चारणे मात्र ज्याचे त्यालाच करावे लागते.

आमच्या घरात ते पहिले वाक्य अण्णांनीच उच्चारले, तेही बँकेच्या निमित्ताने. मी बँकेत आहे. त्यांच्या ठेवींचे नामनिर्देशन अद्ययावत करण्यासाठी मी अर्ज आणले होते. सही करता करता त्यांनी विचारले, "पैशाला नॉमिनी असतो, मग माझ्या श्वासाला कोण?"

मी शोधाशोध सुरू केली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेतील डॉ. रेबेका सुडोर यांच्या गटाने तयार केलेले 'प्रिपेअर' नावाचे एक संकेतस्थळ मला सापडले. त्यात अर्ज नंतर येतो. आधी छोट्या चित्रफिती येतात, ज्यांत साधी माणसे आपल्या घरच्यांशी कसे बोलावे हे करून दाखवतात. त्यात पाच पायऱ्या आहेत. तुमच्या वतीने बोलणारा माणूस निवडा, तुम्हाला जगण्यात काय महत्त्वाचे वाटते ते ठरवा, त्या माणसाला किती मोकळीक द्यायची ते ठरवा, हे सारे घरच्यांना व डॉक्टरांना सांगा, आणि डॉक्टरांना योग्य प्रश्न विचारायला शिका. मी एकेक चित्रफीत थांबवून अण्णांना मराठीत सांगत असे. चार संध्याकाळी त्यात गेल्या.

अडचण आली ती शब्दांची. 'लिव्हिंग विल'ला आपण इच्छापत्र म्हणतो, आणि इच्छापत्र म्हटले की आपल्याला घर आठवते. भगूरच्या आत्याच्या कानावर ही बातमी गेली तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "जेलरोडचा फ्लॅट कुणाच्या नावे करतोय?" 'लाइफ सपोर्ट'ला वर्तमानपत्रे जीवरक्षक प्रणाली म्हणतात, आणि जीवाचे रक्षण करणारी वस्तू नको असे कोणता शहाणा माणूस लिहून देईल? भाषांतर करणाऱ्याने नकळत उत्तरच ठरवून टाकले आहे. शेवटी मी तो शब्द सोडून दिला आणि जे घडते ते सांगितले: घशातून नळी घालतात, तेव्हा बोलता येत नाही, त्रास होऊ नये म्हणून गुंगीचे औषध देतात, काही आजारांत नळी काही दिवसांनी निघते आणि तुमच्या आजारात ती निघण्याची शक्यता फार कमी आहे. अण्णांनी दोन मिनिटे विचार केला आणि म्हणाले, "मग ती रक्षक कसली?"

आत्याचा दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता. सावरकरांचे गाव तिचे सासर. त्यांनी अन्न आणि औषधे सोडून २६ फेब्रुवारी १९६६ रोजी देह ठेवला, हे तिच्या घरात तिथीसारखे ठाऊक. ती म्हणाली, "हे प्रायोपवेशनच झालं की." अण्णांनी तिला उत्तर दिले, "मी जेवण सोडत नाहीये गं, नळी सोडतोय. मला चहा लागतोच." हा फरक कायद्यालाही मान्य आहे. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये आहे असे म्हटले, ते आजाराला त्याच्या वाटेने जाऊ देण्याविषयी होते. ज्या निकालाने हे दार प्रथम किलकिले केले, तो २०११ चा निकाल केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणातला होता, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. पण २०१८ च्या निकालाने लेखावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही मागितली होती, त्यामुळे तो हक्क बराचसा कागदावरच राहिला. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती अट गेली, निर्णय घेणारे म्हणून एकाहून अधिक नातेवाइकांची नावे घालण्याची सोय झाली, आणि हा लेख आपल्या डिजिटल आरोग्य नोंदींना जोडता येईल असेही त्यात स्पष्ट आले.

'मोकळीक' या तिसऱ्या पायरीवर आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो. माझ्या मते त्या संपूर्ण संकेतस्थळातला तो सर्वांत शहाणा प्रश्न आहे. तुम्ही आज जे सांगितले ते अक्षरशः पाळायचे, की त्या क्षणी डॉक्टरांचे ऐकून तुमच्या माणसाने थोडे इकडेतिकडे केले तरी चालेल? अण्णांनी पुन्हा बँकच काढली. "नॉमिनी मालक नसतो ना?" मी सांगितले की नसतो, तो विश्वस्त असतो, पैसे त्याच्या हाती येतात, पण ते ज्याचे आहेत त्याला पोहोचवायचे असतात. "मग तसंच लिही. नळी नको, हे पक्कं. बाकीचं तू आणि दादा मिळून बघा, छातीच्या डॉक्टरांना विचारा. पण निर्णय तुमचा नाही, माझाच आहे. तुम्ही फक्त पोचवायचा."

जगण्यात काय महत्त्वाचे, या प्रश्नाला त्यांचे उत्तर होते की सकाळची पंचवटी एक्सप्रेस गेली की बाल्कनीत बसून आपल्या हाताने चहा प्यायचा. आमच्या बाल्कनीतून नाशिकरोड स्थानकाकडचे रूळ दिसत नाहीत, पण वारा त्या बाजूचा असेल तर गाडी ऐकू येते. कोणत्याही नमुना अर्जात यासाठी चौकट नव्हती. मी ते 'इतर' या रकान्यात घातले आणि नोटरीने ते न हसता वाचले, याबद्दल मी त्यांची कायम ऋणी राहीन.

लेख झाला, आणि त्याच संध्याकाळी मी मोबाइलवर अण्णांचे बोलणेही ध्वनिमुद्रित केले. एक मिनिट चाळीस सेकंद. त्यांच्या प्रत्येक चार शब्दांनंतर एक श्वास आहे आणि सगळ्याच्या तळाशी मशीनची घरघर आहे. "मी शुद्धीत बोलतोय. मला नळी घालू नका. दम लागत असेल तर त्याचं औषध द्या, ते असतं. पोरांनी भांडू नये. आत्याला कुणी बोलू नये." त्या ध्वनिमुद्रणाला कायद्यात लेखाची किंमत नाही, हे मला माहीत होते. मी ते घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. तासाभरात त्याखाली नमस्काराचे अकरा जोडलेले हात उमटले, आणि गट पुन्हा कुणाच्या तरी वाढदिवसाकडे वळला.

पुढचे काम माझ्या हातखंड्याचे होते. लेखाच्या प्रती फॅमिली डॉक्टरांना, माझ्या भावाला म्हणजे दादाला आणि छातीच्या डॉक्टरांच्या फाइलमध्ये दिल्या. असे लेख जपून ठेवण्यासाठी स्थानिक संस्थेने अभिरक्षक अधिकारी नेमावा असे न्यायालयाने सांगितले आहे, आणि महाराष्ट्रात तशा नेमणुका झाल्या त्यामागे मुंबईचे डॉ. निखिल दातार यांची उच्च न्यायालयातली याचिका आहे. तिथेही एक प्रत दिली आणि आवक क्रमांक घेतला. मग अण्णांचा 'आभा' हा चौदा अंकी आरोग्य खाते क्रमांक काढला, आरोग्याची कागदपत्रे साठवणारे एक ॲप निवडले आणि लेख स्कॅन करून त्यात ठेवला. पडद्यावर हिरवी खूण उमटली. बँकेतल्या माणसाला पोच मिळाली की काम झाल्यासारखे वाटते. मलाही वाटले.

ऑगस्टमध्ये, पावसाची झड लागलेली असताना, रात्री एकच्या सुमारास अण्णांना कमालीचा दम लागला. बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ७० च्या खाली दिसत होता आणि मशीन पूर्ण वाढवूनही आकडा हलत नव्हता. १०८ ची रुग्णवाहिका आली, आम्ही एका खासगी रुग्णालयात पोहोचलो. आई घरीच राहिली. रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरांनी पाहताच संमतीचा कागद पुढे केला: नळी घालावी लागेल, सही करा. मी म्हटले की त्यांनी लिहून ठेवले आहे. ते म्हणाले, "दाखवा." त्यात त्यांचे काही चुकले नाही.

मूळ कागद घरी कपाटात, आईच्या शालूच्या खाली होता. ॲप माझ्या फोनवर होते, पण खाते अण्णांचे; आणि उघडण्यासाठी लागणारा ओटीपी अण्णांच्या आधारशी जोडलेल्या क्रमांकावर जाणार होता. तो फोन घरी, स्वयंपाकघरातल्या ओट्याशेजारी चार्जिंगला लावलेला. मी आईला फोन केला. तिला चष्मा सापडेना. सापडला तेव्हा फोनचा पॅटर्न आठवेना. पॅटर्न जमला तेव्हा तिने मला सहा आकडे वाचून दाखवले, ते बँकेच्या कुठल्याशा जुन्या संदेशातले होते. खरा ओटीपी सापडेपर्यंत त्याची मुदत संपली. दुसरा मागवला, तोही संपला. दादा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होता आणि एकच वाक्य म्हणत होता, "आत्ता लावू देत नळी, बाकीचं सकाळी बघू." मला त्याचा राग आला नाही. रात्री दीड वाजता दोनशे किलोमीटरांवरून मीही तेच म्हटले असते.

मी व्हॉट्सॲप उघडले आणि ते ध्वनिमुद्रण लावले. खाटेच्या पायथ्याशी उभे राहून डॉक्टरांनी ते पूर्ण ऐकले. मग त्यांनी जे केले, ते त्या संपूर्ण रात्रीत आमच्यापैकी एकालाही सुचले नव्हते. ते पायथ्याकडून उशाकडे गेले, वाकले आणि अण्णांच्या कानाशी म्हणाले, "आजोबा, घशात नळी घालू का?"

अण्णा शुद्धीवर होते. दम लागल्याने बोलता येत नव्हते एवढेच. त्यांनी मान हलवली: नाही. डॉक्टरांनी तोच प्रश्न उलटा करून विचारला, "फक्त मास्क लावला आणि दम कमी करायचं औषध दिलं तर चालेल?" त्यांनी डोळे मिटून होकार दिला.

आम्ही सगळे अण्णांची इच्छा फोनमध्ये शोधत होतो आणि अण्णा हाताच्या अंतरावर होते. असा लेख माणूस स्वतः ठरवू शकत नसेल तेव्हाच लागू होतो, हे मी स्वतः त्यांना मराठीत समजावून सांगितले होते. दोन वैद्यकीय मंडळे, प्रत्येकी तीन डॉक्टर, शक्यतो ४८ तासांत मत, ही सारी यंत्रणा त्याच प्रसंगासाठी आहे. शुद्धीवरचा माणूस उपचाराला नाही म्हणाला तर त्याचे ते 'नाही' पुरेसे असते. पण कागद केल्यापासून माझ्या मनात इच्छा ही कागदातच राहायला गेली होती. तरीही, फेब्रुवारीतल्या त्या चार संध्याकाळी झाल्या नसत्या तर अण्णांनी इतक्या ठामपणे मान हलवली असती का, हे मला सांगता येत नाही. बहुधा त्यांनी माझ्याकडे पाहिले असते, आणि मी दादाकडे.

दादा रात्रीच निघाला. आळेफाट्याला चहासाठी थांबला तेव्हा त्याने ते ध्वनिमुद्रण प्रथम ऐकले; फेब्रुवारीत त्याने न ऐकताच हात जोडले होते. सातला तो पोहोचला, अण्णांच्या पायांना तेल लावत बसला आणि नळीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. मास्कवर तीन दिवस काढून आम्ही अण्णांना घरी आणले. दम लागण्याच्या जाणिवेवर मॉर्फिनच्या अगदी लहान मात्रा चालतात. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे हे औषध रुग्णांना वर्षानुवर्षे दुर्मीळ झाले होते, आणि २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट काहीशी मोकळी केली. पहिल्या मात्रेनंतर त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सैल झालेल्या मी पाहिल्या. अकराव्या दिवशी पहाटे, पंचवटी जायच्या आधीच, ते गेले. चहा आदल्या दिवशी झाला होता. कप आईने धरला होता, पण त्यांची बोटे त्यावर होती.

नंतर मी पुष्कळ वाचत बसले, जसे लोक परीक्षा झाल्यावर पुस्तक उघडतात. लंडनमध्ये २०१० पासून अशा इच्छांची एक सामायिक डिजिटल नोंद आहे, मधल्या काळात तिचे नाव आणि व्यवस्था बदलली, पण मूळ कल्पना अशी की रुग्णवाहिकेतल्या कर्मचाऱ्याला ती वाटेतच पाहता यावी. तिथे रुग्णाच्या फोनची गरज नाही. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात २००९ पासून अशीच नोंदवही चालते आणि दिवसरात्र दूरध्वनीवरून तिची माहिती मिळते. पण मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. त्याच ऑरेगॉनमध्ये तो अर्ज भडक गुलाबी कागदावर छापतात आणि लोकांना सांगतात की तो फ्रिजच्या दारावर लावा. एवढी यंत्रणा उभारलेल्या लोकांनीही फ्रिज सोडलेला नाही. अण्णांना हे फार आवडले असते. त्यांनी फक्त त्या गुलाबी कागदाला जलचिन्ह आहे का, ते विचारले असते.

फोनच्या कुलूपबंद पडद्यावरूनही कुणाला पाहता येईल अशी आपत्कालीन माहितीची सोय हल्लीच्या बहुतेक फोनमध्ये असते. तिथे दोन ओळी आणि माझा क्रमांक लिहायला मला पाच मिनिटे लागली असती. हे मला आता माहीत आहे.

दिवाळीनंतर एका दुपारी आई 'कालनिर्णय'चे सरलेले पान घेऊन माझ्यासमोर बसली. पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूला तिने पेन्सिलीने आधीच चार ओळी लिहिल्या होत्या. पहिली ओळ नळीविषयी होती, दुसरी माझ्या आणि दादाच्या नावाची. तिसरीत, आपल्याला गंगेवर नेण्याआधी कुणी घाईने नथ उतरवू नये, असे होते. चौथी मी इथे सांगणार नाही. "हे तुझ्या त्या ॲपमध्ये घाल," ती म्हणाली. मी पान टेबलावर सपाट केले, फोटो काढण्यासाठी फोन वर धरला. तिने चष्मा नाकावर खाली ओढला आणि विचारले, "पण ओटीपी कुणाच्या फोनवर येणार?"